चिखल राहू दे

पांडुरंगा, तुझ्यापाशी सगळे निर्मळ पाणी मागतात. मी आज चिखल मागायला आलोय.

नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर उभा आहे. गोदावरी आणि कादवा इथं भेटतात आणि शंभराहून जास्त वर्षांच्या जुन्या बंधाऱ्यापाशी थांबतात. दर पुरानं गाळ आणला. पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणकणीस माजलं. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे तूट. तू त्याच गाळात हजारो चोचींचं ताट वाढलंस. 2020 साली ही पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली.

धुकं विरळ होतंय तसे तुझे वारकरी दिसू लागलेत. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. या पाणपक्ष्याला हे नाव ज्यानं दिलं, त्यानं तुला नक्की पाहिलं असणार. पलीकडे थापट्या, चक्रवाक, तलवार बदकं. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून आलेत.

पण तू मला खरा भेटलास तो भर पावसाळ्यात. कमळपक्ष्याची मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. मागे राहिलेला नर तरंगत्या पानांवर एकटा अंडी उबवतो, पिलं वाढवतो. एका श्रावणात त्या बापाकडे बघता बघता दुर्बिणीची काच धूसर झाली. आई गेल्यावर माझे वडील भाकरी थापायला शिकले होते.

आणि वैशाखात टिटवी! पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि तापल्या खड्यांतल्या अंड्यांवर बसते. एवढी माया तू एवढ्याशा जिवात कशी साठवली असशील?

क्षमा कर, देवा. परवा संक्रांत झाली. काल बाभळीवर नायलॉन मांजात लटकलेला शेकाट्या मी खाली उतरवला. त्याचे लांब गुलाबी पाय माझ्या तळहातावर गार पडले होते. आमच्या एका दिवसाच्या खेळाचं हे मोल त्यानं का द्यावं? आमचे हात आवर. जलपर्णी आमच्याच सांडपाण्यावर पोसलीय, ते सांडपाणी नदीत जाण्याआधी अडवायची बुद्धी दे.

काठच्या कांद्याला, द्राक्षाला पाणी लागतं, हे मी विसरलेलो नाही. त्या शेतकऱ्याचीही मोट तूच भर. आवर्तन सुटू दे, शेतं भिजू देत; फक्त मागे या उथळ पाणथळीत चार बोटं ओल ठेव.

फाल्गुन-चैत्रात बदकं उत्तरेला निघतील. त्यांच्या पंखांत बळ दे. आणि दिवाळीनंतर ती परत येतील, थकल्या डोळ्यांनी आभाळातून खाली पाहतील, तेव्हा त्यांना ओळखू येईल एवढा चिखल इथं असू दे.