पाण्याची पाळी

शेतकऱ्याच्या घरात नेहमी उठणारा, पण पोथीपुराणाच्या बैठकीत क्वचितच निघणारा एक प्रश्न आज वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. पाटाला पाणी आले आहे, पाळी खालच्या शेजाऱ्याची आहे, आणि आपला गहू सुकू लागला आहे. रात्री चारीचे दार फोडून आपण पाणी वळवून घेतले, तर ती चोरी झाली काय? तिजोरी फोडणाऱ्याला आपण एका शब्दात चोर म्हणतो. दार फोडणाऱ्याला मात्र गाव हसून म्हणते, "घेतलं असेल थोडं पाणी, त्यात काय एवढं!" या 'त्यात काय एवढं'चा विचार झाला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. दुसऱ्याचे म्हणणे दुबळे करून मग त्याचे खंडन करणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे. वरच्या अंगाचा शेतकरी म्हणतो, "महाराज, पाणी काय कुणी तयार केलं? आभाळातून पडलं, धरणात साठलं, माझ्या बांधावरून चाललं. पाणीपट्टी मी भरतो. मी नाही घेतलं तर मधला कुणी घेणारच. आणि पीक जळत असता माणसानं नियम बघायचा, की पोरांची तोंडं बघायची?"

यातला पहिला मुद्दा, पाणी कोणी केले नाही, हा खराच आहे. पण त्यातून निघते काय? जे कोणी केले नाही ते कोणा एकाचे नाही, एवढेच. शिवाय पाटाचे पाणी नुसते आभाळाचेही नसते. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तेव्हा भीमाकाठची कितीतरी गावे उठली. पळसदेवचे प्राचीन देऊळ त्या जलाशयात बुडाले. फार उन्हाळा झाला की आजही ते वर दिसू लागते. कोणाचे तरी घर आणि कोणाचा तरी देव बुडाला, तेव्हा ते पाणी आपल्या बांधापर्यंत आले. त्याला 'फुकटचे' म्हणू नये.

दुसरे, पाणीपट्टी. ती आपण आपल्या पाळीच्या पाण्याची भरतो, शेजाऱ्याच्या पाळीची नव्हे. तिसरे, मी नाही तर दुसरा घेईल. हे बोलणे मान्य केले तर जगात चोरी म्हणून काही उरणारच नाही.

यावर कोणी म्हणेल, पाणी आपल्या स्वभावाने उताराकडे गेले, त्यात आमचे कर्तृत्व काय? योगसूत्रांच्या कैवल्यपादात पतंजलींनी शेतकऱ्याचाच दृष्टांत दिला आहे. शेतकरी एका वाफ्यातले पाणी ओंजळीने दुसऱ्यात नेत नाही. तो केवळ मधला अडसर दूर करतो आणि पाणी आपोआप वाहते. तिथे विषय वेगळा आहे, पण आमच्या कामाचे त्यातून हे निघते की, दोष पाण्याचा नाही आणि उताराचाही नाही. माणसाच्या हाती एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दार उघडणे किंवा झाकणे. म्हणून पाप किंवा पुण्य जे काय असेल ते त्या फावड्याच्या एका घावात आहे.

आमच्या पूर्वजांना हे ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, तिसऱ्या अधिकरणात, पाळी सोडून पाणी काढणाऱ्यास सहा पण दंड सांगितला आहे. आणि दुसऱ्याच्या पाळीत गाफीलपणाने पाणी अडविणाऱ्यासही तितकाच. मुद्दाम घेणारा आणि बेपर्वाईने अडविणारा यांना एकच दंड का? कारण टोकाच्या शेतकऱ्याचे पीक दोन्हीकडून सारखेच जळते.

आता चौथा मुद्दा, भुकेचा. हाच खरा कठीण. उपाशी पोरांच्या बापाला आम्ही चोर म्हणायला धजत नाही. पण विचारावे इतकेच: चारीच्या टोकाला असलेल्याची पोरे जेवत नाहीत काय? त्याचाही गहू सुकतोच आहे. फरक इतकाच की तो आपल्याला इथून दिसत नाही. वरच्याची भूक त्याला पाळी मोडण्याचा अधिकार देत असेल, तर खालच्याची भूक त्याला काय देते? त्याला उतार नाही, म्हणून त्याला काहीच नाही. तेव्हा हा भुकेचा न्याय नव्हे, हा उताराचा न्याय झाला. खरी अडचण असेल तर उजेडात शेजाऱ्याकडे जावे, "दादा, चार घटका पाणी द्या, पुढच्या पाळीत फेडीन," म्हणावे. मागितलेले पाणी उसने होते. तेच अंधारात घेतले की चोरी होते.

शिवाय बहुतेक वेळा घेतले जाते ते भुकेपुरते नसते. एक एकर रानात एक इंच पाणी उभे केले तर ते सुमारे एक लाख लिटर भरते. माणशी पाच लिटर पिण्यास धरले, तर ते वीस हजार वारकऱ्यांचे एका दिवसाचे पाणी झाले. दारे धरणारा डुलकी घेतो तेवढ्यात हे इंचभर जास्तीचे होते. आणि त्याने पिकाचे भले तरी होते काय? मुळाला ओल हवी तशी हवाही हवी. म्हणून तर आपण वाफशाची वाट बघतो. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याने दुष्काळी मुलूख हिरवा केला, पण जिथे उसाला पाणी बेसुमार दिले आणि निचरा राहिला नाही, तिथे रान पाणथळ होऊन वर मीठ फुटले. खालच्याचे जास्त घेणारा शेवटी आपल्याच जमिनीला मारतो.

मग न्याय कसा असावा? खानदेशात पांझरेच्या काठी काही शतकांपासून फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, कोणत्या फडाला यंदा पाणी आणि कोणता पडीक हे गावाने आधी ठरवायचे. पाणी देणार पाटकरी, मालक नव्हे. शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत, म्हणून पडीकाचा तोटाही वाटून जाई. आता तिथले पुष्कळ बंधारे मोडकळीस आले आहेत, पण काही ठिकाणी ही रीत अजून टिकून आहे.

दुसरे उदाहरण माउलींच्या वाटेवरच्या पुरंदर तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअराने नायगावात देवस्थानाची माळरान जमीन कराराने घेऊन पाणी अडविले, आणि त्यातून पाणीपंचायत उभी राहिली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. ऊस लावायचा नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. "ज्याला रान नाही त्याला पाणी कशाला?" असे कोणी विचारील. पण तहान आणि भूक सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. जमिनीचा मालक कागदाने ठरतो; पाण्याचा वाटेकरी तोंडाने ठरावा, हे आम्हांस धर्माला धरून वाटते.

वारकऱ्याला पाळी शिकवावी लागू नये. रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. पुढची दिंडी पुढे आहे म्हणून थोर नाही, मागची मागे आहे म्हणून कमी नाही. आणि मागची पोचल्यावाचून मुक्काम पुरा होत नाही. पाटाचेही तसेच. टोकाच्या वाफ्यात पाणी पोचले म्हणजे पाळी पुरी झाली, तोवर नाही.

म्हणून वरच्या अंगाच्या शेतकऱ्यास आमचे एकच सांगणे. येत्या आवर्तनात आपले भरणे झाले की घरी परतू नये. फावडे खांद्यावर टाकून चारीच्या कडेने शेवटच्या शेतापर्यंत चालत जावे, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसास विचारावे, "पोचलं का पाणी?" तो जे उत्तर देईल, त्यावरून आपण घेतलेले आपले होते की त्याचे, हे आपोआप कळेल.