कीड म्हणावे कोणाला?

'कीड' हा शब्द आपण जितक्या सहज वापरतो तितका तो सरळ नाही. भाताला कीड लागते, लाकडाला लागते, दाताला लागते आणि बोलण्याच्या ओघात समाजालाही लागते. या साऱ्या ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जिला कीड लागली ती वस्तू आपली आहे. रानातल्या करवंदीवर अळी बसली तर तिला आपण अळीच म्हणतो. तीच परसातल्या अळवावर आली की कीड होते. अळी बदललेली नसते; मध्ये कुंपण तेवढे आलेले असते.

रत्नागिरीत राहणाऱ्याला हे समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मिऱ्याकडच्या कातळावर जावे आणि एखाद्या डबक्यापाशी स्वस्थ बसावे. समुद्रफुले आपले हात पसरून बसलेली असतात, केसाळ कृमी फटीतून डोकावतात, खेकडा मेलेले काहीतरी ओढून नेतो. तेथे प्रत्येकजण कोणाला तरी खातो आणि कोणाच्या तरी तोंडी जातो. तेथे भूक आहे, मरण आहे. परंतु कीड नाही.

हाच समुद्र काचेत आला की चित्र पालटते. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले आणि 1958 साली रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राच्या मत्स्यालयात शाळेच्या सहलीबरोबर येणारी मुले काचेला नाक लावून समुद्राचे पोट पाहतात. आता हौशी गृहस्थ तो समुद्र आपल्या दिवाणखान्यातच मांडतो. पिशवीतून आलेले मीठ गोड्या पाण्यात मोजून विरघळवतो, पंप लावून लाटा करतो, दिवे लावून ऊन करतो. जिवंत प्रवाळांचा खडक घरात वाढवण्याचा नाद परदेशात मोठा आहे. आपल्याकडे खडक बांधणारे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे ते समुद्रातून काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. पण टाकी प्रवाळांची असो वा नुसत्या दगडांची, दगडाच्या कपारीतून न बोलावलेले पाहुणे येतातच.

त्यांतला सर्वांत चिवट पाहुणा म्हणजे ऐप्टेझिया नावाचे तपकिरी समुद्रफूल. दिसायला एखाद्या इवल्या ताडाच्या झाडासारखे, नाजूक. पहिले दिसते तेव्हा मालक कौतुकाने शेजाऱ्याला दाखवतो. काही महिन्यांत एकाची पन्नास होतात आणि आपल्या डंखांनी शेजारच्या प्राण्यांना भाजून काढू लागतात. मालक संतापतो, चिमटा घेतो, खरवडून काढतो. आणि येथेच फसतो. ऐप्टेझियाच्या तळव्याचा कण जरी दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवे फूल उगवते. रागाने केलेला प्रत्येक घाव शत्रूची प्रजा वाढवतो. शेवटी जाणता माणूस सुईने त्याच्या तोंडाशी चुन्याची दाट पेस्ट सोडतो. आपण विड्याच्या पानाला लावतो, जवळजवळ तोच चुना. किंवा तो बर्घिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय आणतो. ती ऐप्टेझियाखेरीज दुसरे काही खातच नाही. सगळी ऐप्टेझिया संपली की तीही उपाशी मरते. ज्याला आपण उपाय म्हणून बोलावले त्याच्या मरणाचीही तजवीज आपणच केलेली असते. तिची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

बाकीच्या 'किडीं'ची कथा याहून उद्बोधक आहे. रात्री दिवा लावला की दगडाखालून केसाळ कृमींची रांग दिसते आणि मालकाच्या अंगावर काटा येतो. यांतले बहुतेक कृमी उरलेसुरले अन्न खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारे असतात. ते फार झाले याचा अर्थ मालकाचा हात माशांना खाऊ घालताना फार सैल आहे, एवढाच. वाळूवर लाल बुळबुळीत थर चढला तर पाण्यात खत साचले आहे आणि प्रवाह मंद आहे, असे समजावे. म्हणून कोणी पाणी इतके निर्मळ करतो की त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट नावालाही उरत नाही. तर तेवढ्या ओसाडीत डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव माजतात आणि दगडांवर बुडबुड्यांनी भरलेली तपकिरी लाळ लोंबू लागते. घाणीची कीड वेगळी, अतिस्वच्छतेची कीड वेगळी. लाल चपट्या कृमींना औषधाने एकदम मारले तर त्यांच्या मेलेल्या अंगांतून सुटणारे विष माशांनाही घेऊन जाते. माशांच्या रोगावर तांब्याचे औषध टाकले तर कोळंबी मरते, आणि दगडात मुरलेले तांबे पुढे कितीतरी दिवस पाझरत राहते.

यावर एखादा सज्जन म्हणेल, "एवढी हिंसा करण्यापेक्षा काहीच मारू नका. जे जगेल ते जगेल." हे ऐकायला सात्त्विक वाटते, परंतु ही अहिंसा नव्हे, हा आळस आहे. समुद्रात ज्याला डंख बसला तो मासा दूर जाऊ शकतो. दोनशे लिटरच्या टाकीत तो जाणार कोठे? पळून जाण्याची वाट आपण काचेने बुजवली, त्याच क्षणी त्याच्या रक्षणाचे ओझे आपल्या डोक्यावर आले. कोंडणारा तटस्थ राहू शकत नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार प्रामाणिकपणे ओळखला होता. गृहस्थाच्या घरात पाच 'सूना' म्हणजे पाच वधस्थाने असतात, असे मनुस्मृती सांगते: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. महाभारताच्या वनपर्वातला धर्मव्याधही तपस्वी कौशिकाला हेच समजावतो, की नांगर धरणाऱ्याच्या हातूनही जमिनीतले असंख्य जीव मरतात. यात कोठेही घर मोडा, चूल विझवा असे म्हटलेले नाही. म्हटले आहे ते इतकेच, की तुमच्या सुखाखाली वध आहे हे जाणा, आणि त्याचे ऋण रोज फेडा. काचेची टाकी ही गृहस्थाची सहावी सूना आहे. इतर पाच पोटासाठी तरी असतात. ही केवळ डोळ्यांच्या सुखासाठी आहे. तेव्हा तिचे ऋण अधिक.

हे ऋण फेडावयाचे कसे? माझ्या मते, मारण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारून: हा जीव माजला तो माझ्या कोणत्या कृतीमुळे? नवा दगड टाकीत सोडण्याआधी काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवला असता तर? मूठभर खाणे कमी टाकले असते तर? उत्तर मिळाल्यावरही मारावे लागेलच, नाही असे नाही. पण मग ते मारणे मोजके होते, आणि त्यात सूड राहत नाही. हापूसच्या मोहरावर तुडतुडे आले म्हणून फवारा मारणाऱ्या बागायतदारालाही हा प्रश्न चुकत नाही, कारण त्याच फवाऱ्याने मोहराचे परागीभवन करणाऱ्या माश्याही मरतात.

आणि दयेचा सोपा मार्ग, म्हणजे नकोसे झालेले जीव भाट्याच्या खाडीत नेऊन सोडणे, हा तर सर्वांत वाईट. 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात मत्स्यालयांत वाढवलेल्या एका हिरव्या शैवालाचा छोटासा ठिपका आढळला. पुढे त्याने भूमध्य समुद्राचा तळ मैलोगणती झाकला. आपल्या हिंदी महासागरात चार माशांतला एक असलेला सिंहमासा 1985 पासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला, आणि अटलांटिकमध्ये संकट होऊन बसला. जो येथे जीव तो तेथे कीड. त्याला तेथे नेणारा हात मात्र माणसाचाच.

म्हणून वाटते, कीड ही जात नाही, ते नाते आहे. एक टोक त्या प्राण्यापाशी आणि दुसरे आपल्यापाशी. हे दुसरे टोक ज्याला दिसत नाही तो फक्त पाणीच नासवतो असे नाही. विसाव्या शतकात माणसांनी माणसांनाही हा शब्द लावून पाहिला. जर्मनीत ज्यूंना किडे-उंदीर म्हटले गेले, 1994 साली रवांडात नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हटले गेले, आणि दोन्हीकडे आधी शब्द आला, मागाहून कत्तल आली. काचेतल्या समुद्रफुलाची आणि माणसाची बरोबरी होत नाही, हे खरे. पण नाव ठेवले की विचार थांबतो, ही मनाची खोड दोन्हीकडे एकच. ती मोडण्याचा सराव लहान गोष्टीवर करता येत असेल, तर दिवाणखान्यातल्या टाकीएवढी सोयीची शाळा दुसरी नाही. चुन्याची सुई हातात घ्यावी लागली तर घ्यावी. मात्र समोरच्या जीवाने आपले काही वाकडे केले आहे असे समजून घेऊ नये. तो फक्त जगत होता, आणि जागा आपण अपुरी दिली होती.