पुढचा अल्बम: चाहत्यांची मागणी आणि चाहत्यांची कात्री

चाळीस वर्षांहून अधिक काळ वाजवत आलेल्या एखाद्या रॉक बँडच्या पुढच्या अल्बमविषयी त्याचे चाहते जे बोलतात आणि तो अल्बम हाती पडल्यावर त्याचे जे करतात, त्या दोहोंत बरीच तफावत असते. बोलताना ते भरभरून मागतात. गाणी जास्त हवीत, लांब हवीत, वेगवान हवीत आणि शक्यतो तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांसारखी हवीत, असा त्यांचा आग्रह असतो. प्रत्यक्ष ऐकताना मात्र ते निवडतात, वगळतात, गाण्यांचा क्रम बदलतात आणि क्वचित ध्वनिमुद्रणावरही हात चालवतात. चाहत्यांच्या अपेक्षांचा विचार बहुधा त्यांच्या बोलण्यावरूनच होत असल्यामुळे त्यांच्यावर स्मरणरंजनाचा शिक्का मारून विषय मिटवला जातो. ‘मेटॅलिका’ या अमेरिकी बँडच्या चाहत्यांचा व्यवहार पाहिला, तर हा शिक्का घाईने मारला गेल्याचे दिसते.

मेटॅलिकाची स्थापना १९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे ड्रमवादक लार्स उलरिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड यांनी केली. हेवी मेटलचा जडपणा आणि पंक संगीताचा वेग यांच्या मिश्रणातून जी ‘थ्रॅश मेटल’ नावाची शैली घडली, तिच्या प्रवर्तकांत या बँडची गणना होते. ‘किल एम ऑल’ हा पहिला अल्बम १९८३ मध्ये निघाला तेव्हा हेटफील्डचे वय विसाच्या आत होते. पुढे १९८४, १९८६, १९८८ आणि १९९१ असे अल्बम येत गेले, म्हणजे आठ वर्षांत पाच. अलीकडचे तीन अल्बम मात्र २००८, २०१६ आणि २०२३ अशा अंतराने आले. ज्याने शाळेत असताना दर दोन वर्षांनी नवा अल्बम ऐकला, तोच चाहता आता एका अल्बमसाठी सात-आठ वर्षे थांबतो, आणि इतक्या दीर्घ प्रतीक्षेत त्याच्या मनात एक काल्पनिक अल्बम आकार घेऊ लागतो. त्या अल्बममध्ये एकही गाणे वाईट नसते, हे उघडच आहे.

हा काल्पनिक अल्बम बहुतेकदा १९८६ च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या नमुन्यावर बेतलेला असतो. वास्तविक त्या काळातला प्रत्येक अल्बम आधीच्या चाहत्यांना थोडाफार धक्का देऊनच पुढे गेला होता. १९८४ च्या ‘राइड द लायटनिंग’मध्ये संथ सुरावटीचे, अकूस्टिक गिटारने सुरू होणारे एक गाणे आले, तेव्हाच बँड बाजारू झाल्याची ओरड काही जणांनी केली होती, १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमने गाण्यांचा वेग आणि लांबी कमी केली, तेव्हा ती अधिक मोठ्याने झाली, आणि १९९६ मध्ये ‘लोड’च्या निमित्ताने बँडमधल्या चौघांनी केस कापले तेव्हा तर केसांवरूनही वाद रंगला. म्हणजे आज ज्या अल्बमांकडे परत जा असे म्हटले जाते, ते मुळात तत्कालीन अपेक्षा बाजूला सारूनच झाले होते. बाविसाव्या वर्षीच्या रागाचे साठीच्या उंबरठ्यावर अनुकरण केले तर ते अनुकरणच ठरणार, हे चाहत्यालाही कळते; तरीही तो मागणी सोडत नाही, कारण ज्या ध्वनीची त्याला आस आहे तो त्याच्या स्वतःच्या तारुण्याशी बांधलेला असतो. इथवरचे विवेचन नेहमीचे आहे आणि ते चूक नाही, पण ते अपुरे आहे.

चाहत्यांची कृती याहून बोलकी आहे. १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बँडचा तेव्हाचा बासवादक जेसन न्यूस्टेड याचे बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. चाहत्यांनी पुढे घरच्या संगणकांवर बासचा भाग वाढवून त्या अल्बमच्या स्वतःच्या आवृत्त्या तयार केल्या. २००३ च्या ‘सेंट अँगर’मध्ये स्नेअर ड्रमच्या, म्हणजे खालच्या कातड्याला ताणलेल्या तारांमुळे कडाडणाऱ्या छोट्या ड्रमच्या, त्या ताराच सैल सोडल्यामुळे त्यातून एखाद्या पत्र्याच्या डब्यासारखा नाद येतो, तो असह्य झाल्याने काही चाहत्यांनी अख्खा अल्बम नव्याने वाजवून मुद्रित केला. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चे प्रकरण सर्वांत बोधप्रद म्हणावे लागेल. ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करण्याच्या क्रियेला ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि या अल्बमवर ते इतके केले गेले की सारेच एका पातळीवर किंचाळू लागले. हीच गाणी ‘गिटार हीरो’ या संगणकीय खेळासाठीही दिली गेली होती. त्या आवृत्तीतला ध्वनी कमी दाबलेला आहे हे चाहत्यांनी दोन्ही ध्वनिलहरींचे आलेख शेजारीशेजारी ठेवून दाखवून दिले, खेळातली गाणी वेगळी काढून घेतली आणि अल्बमचे पुनर्मिश्रण करावे अशा मागणीवर हजारो सह्या गोळा केल्या. स्मरणरंजनात रमलेला श्रोता असे आलेख काढत बसत नाही. हे काम संपादकाचे आहे.

या संपादकाची कात्री सर्वाधिक चालते ती लांबीवर. मुळात एका जोड-अल्बमसाठी योजलेली गाणी ‘लोड’ आणि ‘रीलोड’ अशी दोन वर्षांत विभागून निघाली. त्यांची एकूण संख्या २७ भरते, आणि त्यांतून दहा-बारा निवडून ‘जो एक अल्बम व्हायला हवा होता’ तो जुळवणे हा चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. मुंबई-पुण्यात कॅसेटच्या काळी हे काम नाइलाजानेही होत असे. ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटेच मावत आणि मित्राकडून अल्बम भरून घेताना कुठले गाणे गाळायचे हे ठरवावेच लागे. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मधून विकत घेतलेली मूळ कॅसेट एकाकडे आणि तिच्या कमीअधिक छाटलेल्या प्रती बाकी साऱ्यांकडे, असा तो व्यवहार होता, ते दुकानही २०१६ मध्ये बंद झाले.

लांबीचा हा प्रश्न तंत्रज्ञानाने निर्माण केला. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या, मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत नीट मावते, आणि रॉकचा अल्बम हा प्रकार याच मर्यादेत वाढला. ‘राइड द लायटनिंग’मध्ये आठ गाणी आहेत आणि ती ४७ मिनिटांत संपतात, ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्येही आठच असून ती ५५ मिनिटांची आहेत. पुढे कॉम्पॅक्ट डिस्कमुळे ऐंशीच्या जवळपास मिनिटे उपलब्ध झाली आणि मेटॅलिकाने ती काठोकाठ भरायला सुरुवात केली. ‘लोड’ इतका भरला होता की त्यातले शेवटचे गाणे डिस्कवर मावेना, म्हणून ते सुमारे मिनिटभराने छाटावे लागले, आणि नंतर त्याची पूर्ण आवृत्ती उत्पादकीय बंधनांपासून मुक्त असल्याचे उपरोधाने जाहीर करून स्वतंत्रपणे प्रसिद्ध करण्यात आली. ‘लोड’पासून २०२३ च्या ‘सेव्हंटी टू सीझन्स’पर्यंत बँडने स्वतःच्या नव्या गाण्यांचे सहा अल्बम काढले आणि त्यांपैकी एकही ७४ मिनिटांच्या आत आटोपत नाही. गेल्या काही वर्षांत डिस्क जवळजवळ हद्दपार झाली, तरी तिचे माप मात्र टिकून आहे.

मर्यादेने संगीत आटते हा अनुभव मराठी श्रोत्याला अपरिचित नाही. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत असताना अब्दुल करीम खाँ आणि केसरबाई केरकर यांनी ज्या ध्वनिमुद्रिका दिल्या, त्या मैफलीच्या मानाने तोकड्या असूनही रागाचा अर्क देऊन जातात. केसरबाईंची अशीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेली. ख्यालगायन आणि थ्रॅश मेटल यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. तबकडीचा आकार कलावंताकडून निवड करून घेतो, एवढेच त्यातून घ्यायचे आहे.

आकाराचे बंधन सुटले की निवड करायला माणूस लागतो आणि ज्येष्ठ बँडजवळ नेमका तोच उरत नाही. १९९१ च्या अल्बमसाठी निर्माता बॉब रॉक याने चौघांना एकत्र वाजवायला लावले, हेटफील्डला गीतांचे शब्द पुन्हा लिहायला लावले आणि महिनोन्‌महिने त्यांच्याशी भांडण मांडले. तो अल्बम त्यांचा सर्वाधिक खपाचा ठरला. २०१२ मध्ये मेटॅलिकाने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क स्वतःकडे घेऊन स्वतःची कंपनी काढली. कलावंताच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने हे स्वागतार्हच होते, पण ‘हे गाणे नको’ असे म्हणण्याचा अधिकार असलेला बाहेरचा माणूस त्याबरोबर आणखी दूर गेला. शिवाय अशा बँडची मुख्य कमाई आता दौऱ्यांतून होते; अल्बम हे त्या दौऱ्याचे निमित्त असते आणि निमित्ताला कुणी फारशी कात्री लावत नाही.

नकार देणारा कुणीच नसला की काय होते, याचे टोकाचे उदाहरण ‘गन्स अँड रोझेस’ या बँडने घालून दिले आहे. मूळ संचातला एकटा गायक ॲक्सल रोझ उरलेला असताना ‘चायनीज डेमॉक्रसी’ हा त्यांचा अल्बम वर्षानुवर्षे लांबत गेला, त्यावर १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाल्याचे वृत्त २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तो २००८ सालात निघाला तर अमेरिकेतील प्रत्येकाला एक डबा फुकट देऊ, असे एका शीतपेय कंपनीने गमतीने जाहीर केले. तो त्या वर्षीच्या नोव्हेंबरात निघाला. चाहत्यांनी मनात रचलेल्या अल्बमाशी त्याची गाठ होती, आणि ती लढत तो हरणारच होता.

याउलट ‘द क्युअर’ या इंग्रज बँडने १६ वर्षांच्या खंडानंतर १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ प्रसिद्ध केला, तेव्हा गायक रॉबर्ट स्मिथ ६५ वर्षांचा होता. स्मिथनेही अल्बम येणार असल्याची आश्वासने अनेकदा दिली आणि मोडली होती. परंतु त्यातली अनेक गाणी २०२२ पासूनच्या दौऱ्यात श्रोत्यांसमोर वाजवून तावून-सुलाखून घेतली गेली होती. अल्बममध्ये गाणी आठच असून ती पन्नास मिनिटांच्या आत संपतात. त्यांचा विषय वार्धक्य आणि मृत्यू हा आहे, स्मिथच्या भावाच्या निधनावरचे एक गाणेही त्यांत आहे. तरुण दिसण्याचा प्रयत्न कुठेही नसलेला हा अल्बम १९९२ नंतर प्रथमच त्या बँडला ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर घेऊन गेला. ‘टूल’ या बँडचा २०१९ चा ‘फिअर इनॉक्युलम’ मात्र ८० मिनिटांच्या आसपासचा असूनही चाहत्यांनी आनंदाने स्वीकारला, हा अपवाद नोंदवलाच पाहिजे. पण दीर्घ, वळणावळणाने उलगडणारी रचना हाच त्या बँडचा धर्म असल्याने तिथे लांबी उपरी वाटत नाही. मेटॅलिकाची ताकद रिफमध्ये, म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या, ठसठशीत स्वरसमूहात आहे. असा स्वरसमूह वाजवीपेक्षा अधिक वेळ फिरवला की बोथट होतो, आणि ‘सेव्हंटी टू सीझन्स’मधल्या अनेक गाण्यांचे नेमके हेच झाले आहे. त्याच अल्बमच्या अखेरीचे ११ मिनिटांचे गाणे, जे त्यांच्या साऱ्या गाण्यांत सर्वाधिक लांब आहे, ते मात्र चांगले आहे, आणि आधीच्या अकरांपैकी चार गाळली असती तर त्याच्यापर्यंत पोहोचणारा श्रोता कमी थकलेला असता.

पुढच्या अल्बमसाठी आपल्याकडे शेकडो रिफ साठल्याचे गिटारवादक कर्क हॅमेट सांगत असतो आणि ते ऐकून चाहते हरखतात. २०११ च्या ऑक्टोबरात बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर मेटॅलिकाला ऐकणारे भारतीय चाहतेही त्यांत आहेत. रिफच्या या संख्येने खरे तर चाहत्यांनी सावध व्हायला हवे. १९८६ चा राग परत आणा, ही मागणी कुणाला पुरी करता येणारी नाही. गाणी कमी करा, ही करता येण्याजोगी आहे, आणि चाहते स्वतःच्या यादीत गुपचूप ते करतच आले आहेत. आता त्यांनी ते बँडला मोठ्याने सांगावे: आठ गाणी द्या, पन्नास मिनिटांत संपवा, आणि उरलेली स्वतःकडेच ठेवा.