दिसणारा दिवा आणि दाखवणारा दिवा

मस्कतच्या शाती अल-कुर्म भागातलं रॉयल ऑपेरा हाउस ऑक्टोबर २०११मध्ये उघडलं, ते फ्रँको झेफिरेल्लींनी बसवलेल्या ‘तुरांदोत’ने. अशा नाट्यगृहात परदेशातून संच येतो, प्रयोग करतो आणि निघतो. दिवे टांगून, उतरवून, पुन्हा टांगून बघायला मंच निवांत मिळत नाही. म्हणून प्रकाशयोजनाकार सगळा मंच आधी संगणकावर उभा करतात. या धंद्यात त्याला प्रीव्हिज म्हणतात. तिथे स्पॉट, फ्रेनेल, फिरते दिवे सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाला तोंड आहे. झोत कुठून निघतो आणि किती अंशांत पसरतो, हे आकड्यांत सांगता येतं. अडतं ते सगळ्यांत साध्या वस्तूपाशी, म्हणजे नेपथ्यात वायरला लोंबणाऱ्या नुसत्या बल्बपाशी. त्याला तोंड नाही. होल्डरची बाजू सोडली तर त्याचा उजेड चहूकडे जातो आणि शिवाय तो स्वतः प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो.

यावरची नेहमीची तोड म्हणजे बल्बचे दोन भाग करायचे. एक बल्बच्या आकाराचं कवच. त्याच्या पृष्ठभागाला चमकण्याचा गुण दिलेला असतो, त्यामुळे ते उजळ दिसतं, पण शेजारच्या भिंतीवर त्याची तिरीपसुद्धा पडत नाही. दुसरा, कवचाच्या पोटात ठेवलेला प्रकाशबिंदू. भिंत, टेबल, नटाचा चेहरा उजळतो तो हाच, मात्र त्याला स्वतःला आकार नाही आणि तो दिसतही नाही. (कवचाने सावली पाडू नये हे बजावायला विसरलं, तर बिंदू आतच कोंडला जातो आणि मंचावर काळोख.) दिव्यांच्या माहितीसाठी ठरलेल्या जीडीटीएफ या फाइल-पद्धतीतही झोत न टाकता नुसतं अंगाने उजळणाऱ्या दिव्यासाठी ‘ग्लो’ हा वेगळा प्रकार ठेवावा लागला आहे. या तोडीकडे कामचलाऊ जुगाड म्हणून पाहता येईल. मला मात्र तिच्यात दिव्याच्या एका फार जुन्या दृष्टान्ताची भेग दिसते.

दिवा जसा इतर वस्तूंना आणि स्वतःलाही प्रकाशित करतो, तसं ज्ञान विषयाला आणि स्वतःलाही जाणतं, असं विज्ञानवादी बौद्ध म्हणत. हा दृष्टान्त बौद्धांतल्याच नागार्जुनाने त्याआधीच नाकारला होता. अंधारातला घडा आधी दिसत नाही आणि मग दिव्याने दिसतो; दिवा स्वतः असा कधी अंधारात होता, की त्याने स्वतःला उजळावं? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवादाला उत्तर देताना वेगळ्या बाजूने घाव घातला: दिवाही घड्यासारखाच दुसऱ्या कुणाच्या जाणिवेचा विषय आहे. गंमत म्हणजे स्वयंप्रकाश साक्षी, म्हणजे पाहणारी जाणीव, स्वतः शंकराचार्य मानतात, पण तो मान ते दिव्याला देत नाहीत. इस्लामी परंपरेत गझालीने ‘मिश्कात अल-अन्वार’मध्ये जवळपास हाच धागा ओढला. दिवा दाखवतो पण पाहत नाही, म्हणून ‘प्रकाश’ या नावावर दिव्यापेक्षा डोळ्याचा हक्क मोठा, डोळ्यापेक्षा बुद्धीचा आणि खरा हक्क एका ईश्वराचाच.

गझाली इबादी नव्हता, आणि मस्कत ज्या देशात आहे त्या ओमानची ओळख आहे ती इबादी हा इस्लामी पंथ. या पंथाचं एक मत इथे महत्त्वाचं ठरतं. स्वर्गात श्रद्धावंतांना ईश्वराचं दर्शन घडेल असं बहुसंख्य सुन्नी मानतात. इबादी म्हणतात, तिथेही नाही. कुराण ईश्वराला आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश म्हणतं, त्याला कोनाड्यातल्या, काचेतल्या दिव्याची उपमा देतं, तरीही इबादींच्या मते तो नजरेला कधीच पडणार नाही. वरवर हे विचित्र वाटतं, कारण प्रकाश दिसणार नाही तर दिसेल काय? पण बल्बचे ते दोन भाग आठवले की विचित्रपणा उरत नाही. जो दिसतो तो दिवा एक वस्तू आहे, आणि ज्याच्यामुळे दिसतं ते वस्तूंच्या रांगेत बसत नाही.

कुणी म्हणेल, ही फाळणी संगणकाच्या कुवतीपुरती आहे. किरणांचा माग काढणाऱ्या नव्या पद्धतींत चमकतं कवचच भिंत उजळतं, दोन भागांची गरज उरत नाही. मान्य. पण त्यानंतरही पडद्यावरचा बल्ब पेटलेला वाटत नाही. उघड्या तारेची दीप्ती दर चौरस मीटरला दहा लाख कँडेलांच्या पुढे जाते. लॅपटॉपचा साधा पडदा काही शेकड्यांत थांबतो. पडद्यावर उरतो पांढरा ठिपका. तो जळता वाटावा म्हणून सॉफ्टवेअर त्याच्याभोवती धूसर वलय रंगवतं. आणि ते वलय मंचावर नसतंच. झगझगीत उजेड डोळ्याच्या आत विखुरतो, त्याचा तो परिणाम आहे. म्हणजे दिव्याला दिवेपण द्यायचं तर चित्रात पाहणाऱ्याचा डोळा मिसळावा लागतो. गझालीने डोळ्याला दिलेला हक्क इथे तंत्रज्ञाला, नकळत का होईना, मान्य करावा लागतो.

रिकाम्या नाट्यगृहातही बल्ब जळतोच, हा आक्षेप भौतिकशास्त्राच्या बाजूने खरा आहे आणि त्याला कुणी हरकत घेत नाही. शंकराचार्यांनीही दिवा विझतो असं म्हटलं नव्हतं; कळलेला आणि न कळलेला दिवा यांतला फरक त्यांनी दाखवला. त्याहून टोकदार आक्षेप मस्कतमध्येच टांगलेला आहे. २००१मध्ये खुल्या झालेल्या सुलतान काबूस ग्रँड मशिदीच्या प्रार्थनागृहात १४ मीटर उंचीचं, १,१२२ दिव्यांचं झुंबर आहे. अदृश्य ईश्वराच्या घरात डोळे दिपवायचा एवढा सोस कशाला? यातला थाटमाट मी नाकारणार नाही. पण नमाज पढणाऱ्याचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला असतं, झुंबर डोक्यावर. त्याच्याकडे तोंड करून कुणी उभं राहत नाही. त्याच शहरात जुन्या मस्कतच्या मोतीश्वर मंदिरात महादेवापुढे आरती होते. तिथे ज्योतीकडे बघून भागत नाही: हात तिच्यावरून फिरवतात आणि ते ऊन तळवे डोळ्यांना लावतात.