पेमगिरीचा बाळराजा

अकोल्याच्या शेजारीं, संगमनेर तालुक्यांत, पेमगिरीचा किल्ला आहे. सन १६३३ त दौलताबाद पडलें व हुसेन निजामशहा मोगलांच्या कैदेंत गेला. तेव्हां शहाजीराजांनीं निजामशाही घराण्यांतील मुर्तजा नांवाचें मूल ह्या किल्ल्यावर गादीस बसविलें. नांव मुलाचें, कारभार शहाजीराजांचा! सन १६३६ त शहाजहान व आदिलशहा एक झाले, माहुलीस वेढा पडला, आणि तें मूल मोगलांच्या हवालीं करावें लागलें. शहाजीराजांस विजापुरास चाकरी मिळाली. मुलाचें राज्य गेलें तें गेलेंच.

त्या अजाण मुलास आम्ही काय दोष द्यावा? परंतु शास्त्रांतील योआश राजाही सातव्या वर्षीं दुसऱ्याच्याच हातानें गादीवर बसला होता. यहोयादा याजक जिवंत होता तोंवर तो नीट चालला. याजक वारतांच सरदारांच्या खुशामतीस भुलला, व त्याच याजकाच्या पुत्रास, जखऱ्यास, त्यानें दगडमार करविला. हा तर जाणता पुरुष होता. उपदेशक गांवीं असेतोंच आमची प्रार्थना चालते काय, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें. योआशास त्याच्याच चाकरांनीं बिछान्यावर ठार केलें. राजांच्या कबरस्थानांत यहोयादास जागा मिळाली होती. योआशास ती मिळाली नाहीं.