जपणे आणि धरून ठेवणे

आमच्या कपाटातील एका खणात दाढीचे ३२ जुने रेझर आहेत. बहुतेक पितळेचे, वर निकेलचा मुलामा दिलेले. काही तीन सुटे भाग जोडून उभे राहणारे, तर काही मूठ पिळताच वरची दोन झाकणे पंखांसारखी उघडणारे. शेजारी साबणाच्या वाट्या, ब्रश आणि तुरटीचे खडे. छावणीच्या आठवडी बाजारातून, भंगारवाल्यांकडून आणि नातेवाइकांच्या माळ्यांवरून हा संसार गेल्या वीस वर्षांत जमला. त्यातील सर्वांत साधा रेझर आमच्या वडिलांचा. दर रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी खिडकीच्या गजाला आरसा टांगून ते त्याने दाढी करीत.

गेल्या वर्षी आमचा पुतण्या घरी आला होता. ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली. खण पाहून तो म्हणाला, "काका, आजोबांचा रेझर मला द्याल का? त्यानेच दाढी करीन म्हणतो." आमच्या तोंडून उत्तर निघाले, "अरे, तो वापरायचा नसतो. तुला नवा आणून देतो." मुलगा काही बोलला नाही. मात्र आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. वडिलांनी जी वस्तू वापरण्यासाठी घेतली होती, ती आम्ही त्यांच्या नातवालाच नाकारली होती. हे जपणे होते, की नुसते धरून ठेवणे?

या वस्तूचा इतिहासही मोठा विलक्षण आहे. किंग कॅम्प जिलेट हे अमेरिकेतील एक फिरते विक्रेते. बाटलीच्या पत्र्याच्या बुचाचे जनक विल्यम पेंटर यांनी त्यांना सुचविले होते, की लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील अशी वस्तू शोधा. त्यातून पातळ, स्वस्त पात्याची कल्पना निघाली. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांना लक्षावधी रेझर पुरविले आणि ही सवय जगभर गेली. वस्तरा धार लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाई, पाते मात्र दोन-चार दिवसांत कचऱ्यात जाई. पुढे तर मुठीसकट फेकण्याचे प्लास्टिकचे रेझर आले. फेकण्याच्या कल्पनेतून जन्मलेल्या वस्तूची मूठ आज आमच्यासारखे लोक मखमलीत ठेवतात!

जुने जमविणे हा काही दोष नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जगाला सावध केले. त्या दृष्टीने पाहिले, तर एखादी ओबडधोबड वस्तू भंगारातून वाचविणे ही कृतज्ञताच आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या. त्यांतून उभ्या राहिलेल्या संग्रहालयाला त्यांनी बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले आणि पुढे तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. जमविण्याची त्यांची ओढ आमच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. पण त्यांची मूठ शेवटी उघडली.

इथे आम्हांला संत फ्रान्सिस डी सेल्स यांची आठवण होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे, कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे. प्रापंचिकांसाठी १६०९ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक साधी कसोटी सांगितली आहे. वस्तू जवळ असणे हे पाप नव्हे. ती गेली असता मन किती व्याकूळ होते, यावरून आसक्ती ओळखावी. म्हणजे आपण वस्तूचे मालक आहोत की वस्तू आपली, हे ती हातात असताना कळत नाही. ती कोणी मागितली, हरवली किंवा मोडली, की कळते. प्रभू येशूच्या दाखल्यातील श्रीमंत शेतकऱ्याने धान्य पिकविले यात त्याचे काय चुकले? त्याला कोठारांपलीकडे दुसरे कोणी दिसलेच नाही, हे त्याचे चुकले. आमच्या खणापुढे उभ्या राहिलेल्या मुलाच्या जागी आम्हांलाही फक्त मुलामा उडण्याची भीती दिसली.

यंदा नाताळच्या सुट्टीत आम्ही वडिलांचा रेझर उकळत्या पाण्याने धुतला, नवे पाते बसविले आणि पुतण्याच्या हाती दिला. साबणाचा फेस कसा करावा, केसांच्या दिशेने हलक्या हाताने मूठ कशी न्यावी, हे त्याला दाखविले. तरी हनुवटीला कापलेच. तुरटी लावताच तो ओरडला आणि घरभर हशा पिकला. त्या क्षणी वडील त्या खणात कधी नव्हते इतके आम्हांला जवळ वाटले.

खणात अजून ३१ रेझर आहेत. त्यांतील प्रत्येक आम्ही असाच देऊ शकू, असे म्हणण्याचे धैर्य आमच्यात नाही. दोन-तीन तर कोणी मागू नयेत, असेच मनोमन वाटते. परंतु आता निदान कोणते ते दोन-तीन, हे आम्हांला ठाऊक आहे. वाचकांच्याही घरी असा एखादा खण असेल. येत्या प्रायश्चित्तकाळात तो उघडून पाहावा आणि त्यातील कोणती वस्तू मागितली असता आपला हात आखडेल, हे स्वतःला विचारावे. आपल्या परीक्षेची सुरुवात बहुधा त्याच वस्तूपासून होते.