पुराचा बळी आणि प्याल्याचा बळी

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यात आलेला पूर वाचकांच्या स्मरणात असेलच. म्हादई, वाळवंटी व खांडेपार या नद्यांचे पाणी सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा या तालुक्यांत शिरले आणि शेकडो घरांची नासधूस झाली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितले. अशा प्रसंगी माणसातली माणुसकी जागी होते. कोणी तांदूळ देतो, कोणी चादरी देतो, कोणी घरातला चिखल उपसायला जातो. ‘बाबा रे, नदीकाठी घर का बांधलेस?’ असे विचारण्याची ती वेळ नसते, हे सर्वांना कळते.

पण त्याच गावात आणखी एक घर असते. त्यात पाणी शिरलेले नसते. भिंती उभ्या असतात, कौले शाबूत असतात. मात्र घरधनी दारूत बुडालेला असतो. भांडी विकली गेलेली असतात, मुलांची फी थकलेली असते. त्या घरी तांदूळ घेऊन सहसा कोणी जात नाही. ‘आपल्या हाताने करून घेतले’ असे म्हणून आपण पुढे जातो. पुराने बुडालेल्यास दया आणि दारूने बुडालेल्यास दोष, ही वाटणी न्यायाची आहे काय?

या वाटणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पूर कोणी मागत नाही. प्याला मात्र माणूस स्वतः उचलतो. हे खरे आहे आणि ते नाकारून चालणार नाही. तरी थोडे खोल पाहू या. पूर केवळ आकाशातून येतो काय? डोंगर कापले जातात, खाणींची माती पात्रात साचते, पाण्याच्या वाटेवर बांधकामे होतात. म्हणजे पुरातही माणसाचा हात असतो. आणि प्याला जरी एकट्याच्या हातात असला, तरी तो तेथवर एकट्याने आलेला नसतो.

डिचोलीचेच उदाहरण घ्या. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या. पुढे त्या सुरू झाल्या, पण २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि काम पुन्हा थांबले. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. ट्रकमालक, चालक, गॅरेजवाला, खानावळवाली या सर्वांचे उत्पन्न एकदम आटले, एवढे खरे. मग २०२० साली महामारीने पर्यटनही थांबवले. हाताला काम नाही, ट्रकच्या कर्जाचा हप्ता चुकत नाही, आणि दारू कोपऱ्यावरच मिळते! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील पंधरा वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे सदतीस जण दारू पिणारे आढळले. साऱ्या देशात ते प्रमाण सुमारे एकोणीस होते.

दूरच्या पश्चिम आफ्रिकेतही हेच दिसते. सिएरा लिओन या लहानशा देशाने १९९१ ते २००२ पर्यंत यादवी युद्ध सोसले. २०१४ साली तेथे इबोलाची साथ आली व तिने जवळजवळ चार हजार बळी घेतले. १४ ऑगस्ट २०१७ रोजी राजधानी फ्रीटाउन येथे अतिवृष्टीने डोंगर कोसळून शेकडो माणसे गाडली गेली. त्याच देशाच्या अध्यक्षांना एप्रिल २०२४ मध्ये ‘कुश’ नावाच्या अमली पदार्थामुळे राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. एका संकटातून दुसरे सरळ जन्मले, असे म्हणणे घाईचे होईल. पण जेथे जगण्याचा आधार पुनःपुन्हा तुटतो, तेथे नशा विकणाऱ्यास गिऱ्हाईक सापडते.

तर मग दोष परिस्थितीचा, माणसाचा काहीच नाही, असे म्हणावे काय? तसे म्हणणे दयेचे दिसते, पण ते दयेचे नाही. ‘तुझ्या हाती काहीच नाही’ असे ज्याला सांगितले, त्याच्या उभे राहण्याचा पायच आपण काढून घेतला. शिवाय त्याच घरात मार खाणारी पत्नी आहे, उपाशी मुले आहेत. त्यांचाही न्याय आहेच. म्हणून दोष आणि जबाबदारी यांत भेद करावा. दोष देणारा मागे पाहतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. जबाबदारी पुढे पाहते आणि ‘आता काय करणार?’ असे विचारते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांचे ओझे वाहण्यास सांगतो, आणि लगेच प्रत्येकाला आपापला भार आहे, असेही सांगतो. या दोहोंत विरोध नाही. मद्यप्याचा भार त्याचाच आहे. पण तो उचलण्याइतके बळ येईपर्यंत त्याला हात देणे हे आपले काम आहे.

हात द्यावा तो कसा? गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा बसून बोलणे केले. तीन महिन्यांनी शंभरांपैकी छत्तीस जण धोक्याबाहेर आलेले आढळले; ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले, त्यांत सव्वीस. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. फरक चमत्काराचा नाही, पण तो घडवणारी माणसे तुमच्याआमच्यासारखीच होती. मात्र ज्याला व्यसन पुरते जडले आहे, त्याने दारू एकाएकी सोडल्यास झटकेही येऊ शकतात. त्यास डॉक्टरांकडेच न्यावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. नोहाची गोष्ट आपण तारू, कबुतर व इंद्रधनुष्य येथेच संपवतो. उत्पत्तीचा नववा अध्याय त्यापुढेही जातो. महापुरातून तरलेला तो नीतिमान पुरुष कोरड्या जमिनीवर, स्वतःच्या द्राक्षमळ्यात घसरला. संकटात टिकणे निराळे आणि संकट ओसरल्यावर टिकणे निराळे, हे येथे कळते. मदतीच्या गाड्या आठ दिवसांत परत जातात; रिकामे दिवस त्यानंतर सुरू होतात. बापाची अवस्था पाहून एका मुलाने ती बाहेर सांगितली, दोघांनी त्याच्यावर वस्त्र घातले. पण झाकणे म्हणजे लपवणे नव्हे. ‘ताप आला आहे’ असे कामावर कळवणे, मंडळीच्या नावासाठी गप्प बसणे, हे वस्त्र घालणे नव्हे. तो प्याला पुन्हा भरणे होय.

तुमच्या वर्गात अशा घरातले एखादे मूल बसलेले असेल. वडिलांवरून इतर मुले त्याला हसतात, हे त्याला ठाऊक आहे. नोहाच्या गोष्टीचा हा शेवटचा भाग त्या मुलाने आपल्या तोंडून ऐकावा. आणि आठवड्यात एकदा त्याच्या घरीही जाऊन यावे.